उदाहरण ५१: एका पेटंट क्लेमला दिलेल्या आव्हानाची हकिगत

पेटंटमध्ये उदाहरण ७ म्हणून दिलेली कृती मी तीनदा केली आणि तिन्ही वेळा ती जमली. तिथे यील्ड, म्हणजे अपेक्षित मालापैकी हाती आलेला माल, ६६ टक्के लिहिलं होतं, मला ६४, ६७ आणि ६३ मिळालं. सुईसारखे पांढरे स्फटिक, द्रवणांक तंतोतंत, एनएमआर या रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीतली प्रत्येक रेघ जिथल्या तिथे. हे सगळ्यात आधी सांगते, कारण ज्या पेटंटला आव्हान देण्याच्या कामात मी होते ते लबाडीचं पेटंट नव्हतं. त्या लोकांनी जे करून पाहिलं होतं ते नीट केलं होतं आणि नीट लिहिलंही होतं. वाद होता तो त्यांनी कधीच न केलेल्या, पण तरीही स्वतःच्या नावावर करून घेतलेल्या लाखो संयुगांचा.

मी ऑरगॅनिक केमिस्ट. सोळा वर्षं संश्लेषणाच्या प्रयोगशाळेत गेली, वकिली कागदांशी कधी संबंध आला नव्हता. एका औषध कंपनीचे वकील आमच्याकडे आले. अमेरिकेत नुकत्याच मंजूर झालेल्या एका पेटंटचा पहिला क्लेम, म्हणजे मक्तेदारी कशावर हवी हे सांगणारं वाक्य, इतका रुंद होता की त्यांच्या संशोधनातली संयुगं त्यात अडकत होती. त्यांना तो क्लेम 'एनेबलमेंट'च्या मुद्द्यावर पाडायचा होता आणि त्यासाठी प्रयोग करणारा, शपथेवर जबाब देणारा केमिस्ट हवा होता.

एनेबलमेंट म्हणजे काय, हे मला पहिल्याच बैठकीत समजावून घ्यावं लागलं. पेटंट हा सौदा आहे. अर्ज केल्याच्या तारखेपासून २० वर्षांची मक्तेदारी मिळते, आणि तिच्या बदल्यात शोध लावणाऱ्याने आपली विद्या उघड करायची. अमेरिकी कायद्याच्या कलम ११२ चं म्हणणं असं, की त्या क्षेत्रातल्या कसबी माणसाला ती वस्तू बनवता आणि वापरता येईल इतकं पूर्ण, स्पष्ट आणि नेमकं वर्णन पेटंटमध्ये हवं. न्यायालयांनी त्यात भर घातली, की वाचणाऱ्याला थोडेफार प्रयोग करावे लागले तर चालतं, अवाजवी प्रयोग करावे लागता कामा नयेत. वाजवी कुठे संपतं आणि अवाजवी कुठे सुरू होतं, यासाठी १९८८ च्या वँड्स निकालातल्या आठ कसोट्या आजही वापरतात. किती प्रयोग लागतील, पेटंटने वाट किती दाखवली, केलेली उदाहरणं आहेत का, क्षेत्र किती बेभरवशाचं आहे, क्लेम किती रुंद आहे, अशा त्या कसोट्या. रसायनशास्त्र हे बेभरवशाच्या क्षेत्रांत मोडतं. हे वाचून मला बरं वाटलं होतं. रोज फ्लास्क हलवणाऱ्यांना ते ठाऊकच असतं.

वेळ मात्र फार कमी होता. मंजुरीनंतर ९ महिन्यांच्या आत पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळापुढे पोस्ट-ग्रँट रिव्ह्यूचा अर्ज करता येतो आणि त्यात हा मुद्दा घेता येतो. ती मुदत टळली की मंडळापुढे उरतो इंटर पार्टीज रिव्ह्यू, आणि त्यात फक्त जुनी पेटंटं आणि छापील साहित्य यांच्या आधारे 'हे नवं नाही' किंवा 'हे उघडच होतं' एवढंच म्हणता येतं. 'तुम्ही शिकवलंच नाही' हे म्हणायला मग कोर्टातच जावं लागतं, आणि तिथे पेटंट वैध आहे असं गृहीत धरून पुराव्याची पायरी बरीच उंच ठेवलेली असते. आम्हाला बोलावलं तेव्हा ९ पैकी ५ महिने गेले होते.

मी पेटंट घरी नेलं आणि दोन रात्री वाचत बसले. आमच्या भाषेत ज्याला मार्कुश क्लेम म्हणतात तसा तो होता. १९२४ मध्ये यूजीन मार्कुश यांच्या रंगद्रव्यांच्या पेटंटपासून हे नाव रूढ झालं. मधे एक सांगाडा काढायचा आणि त्याच्या बाजूंना आर-१, आर-२ अशी खुंट्या ठोकल्यासारखी चिन्हं मांडायची. प्रत्येक खुंटीला काय काय टांगता येईल त्याची यादी खाली द्यायची. इथे सांगाडा पिरिमिडीनचा होता आणि खुंट्या चार. प्रत्येक यादी पान-पानभर. मी अगदी हात आखडून प्रत्येक खुंटीला फक्त ३० पर्याय धरले, तरी ३० चा चौथा घात ८,१०,००० येतो. रोज एक संयुग केलं तरी २,२०० वर्षांहून जास्त लागतील. शिवाय क्लेमला एक शेपूट होतं: ही संयुगं एका विशिष्ट एन्झाइमला अडवणारी हवीत, त्यांची आयसी-५०, म्हणजे एन्झाइमचं काम निम्म्यावर आणायला लागणारी मात्रा, १ मायक्रोमोलरच्या खाली हवी. म्हणजे सूत्रात बसणारं प्रत्येक संयुग क्लेममध्ये येत नव्हतं, त्यातली जी काम करतात तेवढीच येत होती. या शेपटाचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं.

प्रत्यक्षात बनवलेली संयुगं होती ४६. सगळ्यांच्या आर-१ वर फिनाइल किंवा फिनाइलचाच एखादा भाऊबंद. क्लेममध्ये मात्र तिथे 'अॅराइल किंवा हेटरोअॅराइल' होतं, म्हणजे फिनाइलसारखी कार्बनची कडी, किंवा जिच्यात नायट्रोजनसारखा परका अणूही बसलाय अशी कडी. हेटरोअॅराइलची उदाहरणं ४७ ते ५८ अशी बारा दिलेली होती, पण वाचताना काहीतरी खटकत होतं. उदाहरण ७ मध्ये 'मिश्रण १२ तास ढवळलं, गाळलं, ६६ टक्के मिळालं' असं होतं. उदाहरण ५१ मध्ये 'मिश्रण ढवळतात, संयुग मिळतं'. एनएमआर नाही, मास (रेणूचं वस्तुमान) नाही, यील्ड नाही. वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, "बरोबर पकडलंत. ही भाकिताची उदाहरणं. न केलेला प्रयोग पेटंटमध्ये लिहायला अमेरिकेत परवानगी आहे, फक्त तो भूतकाळात लिहायचा नाही." तेव्हापासून कुठलंही पेटंट हातात आलं की मी आधी क्रियापदं बघते.

उदाहरण ५१ म्हणजे आर-१ वर २-पिरिडिल, एक नायट्रोजन असलेली कडी, त्या नायट्रोजनच्या शेजारच्या कार्बनने जोडलेली. कृती काय, तर 'उदाहरण ७ प्रमाणे'. हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसले. उदाहरण ७ म्हणजे सुझुकी कपलिंग, बोरॉनचं संयुग वापरून दोन तुकडे जोडायची अभिक्रिया: क्लोरोपिरिमिडीन, बोरोनिक अॅसिड, पॅलेडियमचा कॅटॅलिस्ट, पोटॅशियम कार्बोनेट, डायॉक्सेन आणि पाणी. ज्या कपलिंगांना २०१० चं नोबेल मिळालं त्यांतलं हे एक, आणि फिनाइल बोरोनिक अॅसिडबरोबर डोळे मिटून होणारं. पण २-पिरिडिल बोरोनिक अॅसिडने केमिस्टांना किती रडवलंय! नायट्रोजनच्या शेजारच्या कार्बनवर बसलेला बोरॉन गरम बेसमध्ये टिकत नाही. कपलिंग व्हायच्या आतच तो गळतो, त्या जागी हायड्रोजन येतो आणि हातात उरतं साधं पिरिडीन. त्या विषयातल्या माणसाला हे माहीत असतंच. उदाहरण लिहिणाऱ्याने ते करून पाहिलं असतं तर असं लिहिलंच नसतं.

मला वाटलं, सापडलं. हा एक फ्लास्क चुकला की क्लेम कोसळणार.

आधी उदाहरण ७ तीनदा केलं, ते वर सांगितलंच. वकिलांचा त्याबद्दल आग्रह होता, कारण नाहीतर समोरचा पक्ष म्हणणार की तुम्हाला कपलिंगच करता येत नाही. मग तीच कृती, तीच वजनं, तेच तापमान, फक्त बोरोनिक अॅसिड बदललं. पहिल्यांदा ३-पिरिडिल घेतलं, म्हणजे नायट्रोजन एक घर लांब. ७१ टक्के. मग २-पिरिडिल. बारा तासांनी हूडमध्ये कंडेन्सर काढला आणि प्लेट मारायच्या आधीच नाकाला कळलं. पिरिडीनचा तो सडक्या मासळीसारखा वास लगेच ओळखू येतो. टीएलसीच्या प्लेटवर, जिथे मिश्रणातले घटक वेगवेगळ्या डागांत दिसतात, क्लोरोपिरिमिडीनचा डाग जसाच्या तसा, हलला नव्हता. एलसी-मासवर, म्हणजे घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, प्रॉडक्टचं वस्तुमान शोधलं तर जेमतेम सावली. पुन्हा केलं, नव्या बाटलीतून केलं, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी नोंदवहीत तारीख घालायची, पान सहकाऱ्याकडून साक्षीदार म्हणून सही करून घ्यायचं, मूळ प्रिंटआउट चिकटवायचे. माझी नोंदवही मी इतकी स्वच्छ आयुष्यात कधी ठेवली नव्हती.

उत्साहाच्या भरात मी जबाबाच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं: 'उदाहरण ५१ चं संयुग बनवता येत नाही.' वकीलबाईंनी त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि शांतपणे विचारलं, "बनवता येत नाही, की या कृतीने बनत नाही?"

उत्तर मला माहीत होतं, म्हणून तर गप्प झाले. टिनचं संयुग वापरून स्टिले कपलिंग करता येतं. एमआयडीए बोरोनेट, म्हणजे बोरॉनला सांभाळून धरणारं रूप, वापरता येतं. दोन्ही वाटा या पेटंटच्या अर्जाच्या कितीतरी आधीच्या. मुद्दा तारखेचा असतो: अर्जाच्या दिवशी कसबी माणसाला जे ठाऊक होतं ते त्याच्या पदरात धरतात, नंतर निघालेली विद्या पेटंटमधलं भगदाड बुजवू शकत नाही. आणि त्या दिवशी कसबी माणसाला स्टिले ठाऊक होतं. "मग करून बघा," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही केलंत तर ते करतील."

केलं. ३८ टक्के मिळालं. टिनचे अवशेष काढता काढता शुद्धीकरणाचे दोन कॉलम गेले, पण संयुग हातात आलं, शुद्ध, एनएमआरसह. क्लोरोपिरिमिडीनपासून मोजले तर ११ दिवस. मला खरंच वाईट वाटलं. ज्या फ्लास्कवर मी सगळी इमारत उभी केली होती तो माझ्याच हाताने भरला. वर हा निकाल लपवायची सोयही नव्हती. मंडळाच्या नियमानुसार आपल्या मांडणीशी विसंगत अशी माहिती आपल्याकडे असेल तर ती समोरच्या पक्षाला द्यावीच लागते. तो नियम नसता तरी मी ती दिली असती, कारण शपथेवर सही माझी होती.

त्या आठवड्यात वकीलबाईंनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. सॉयर आणि मॅन या दोघांनी विजेच्या दिव्याच्या तंतूसाठी कार्बन केलेला कागद वापरला आणि पेटंट मात्र सगळ्या 'तंतुमय किंवा वस्त्रासारख्या' पदार्थांवर घेतलं. पुढे एडिसनच्या बाजूने ६,००० हून अधिक वनस्पतिजन्य पदार्थ तपासले गेले आणि नीट चालला तो बांबू. १८९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रुंद क्लेम फेटाळला. "यात बघा," त्या म्हणाल्या, "बांबूचा तंतू बनवणं अवघड होतं असं कोणी म्हटलंच नाही. कुठला पदार्थ चालेल हे पेटंट वाचून कळत नव्हतं, हा मुद्दा होता. २०२३ चा अॅम्जेन विरुद्ध सनोफी निकालही याच वाटेने जातो. तिथे २६ अँटिबॉडी त्यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमासकट दिल्या होत्या, मक्तेदारी मात्र मागितली होती ती तेच काम करणाऱ्या सगळ्या अँटिबॉडींवर. न्यायालय एकमताने म्हणालं, जितकं मागाल तितकं शिकवायला हवं."

मी घरी जाऊन तक्ता ३ पुन्हा काढला. आधी मी तो वरवर चाळला होता, कारण त्यात आकडे नव्हते. कंपन्या असं करतात, नेमका आकडा न देता अक्षरं देतात: 'ए' म्हणजे १०० नॅनोमोलरच्या खाली, 'बी' म्हणजे १०० ते १,०००, 'सी' म्हणजे १,००० च्या, म्हणजेच १ मायक्रोमोलरच्या वर. ४६ संयुगं, ४६ अक्षरं. मी पेन्सिलीने 'सी' मोजले. १७. त्यांनी स्वतः निवडून, स्वतः बनवून, स्वतः तपासलेल्या संयुगांपैकी एक तृतीयांशाहून जास्त त्यांच्याच क्लेमच्या अटीत बसत नव्हती. संयुग ७ 'ए' होतं आणि संयुग २३ 'सी'. दोघांत फरक एवढाच की एका नायट्रोजनवर मेथिलऐवजी एथिल. एक कार्बन. का, याबद्दल पेटंटमध्ये एक ओळ नाही. कुठल्या खुंटीला काय चालेल, मोठा गट कुठे नको, काहीच नाही. आणि ही सगळी गंमत फिनाइलच्या घरातली. हेटरोअॅराइलच्या घरात तर त्यांनी पाऊलही टाकलं नव्हतं.

आम्ही माझी दोन्ही पिरिडिल संयुगं पेटंटमध्येच दिलेल्या चाचणीसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवली, नावं झाकून. ३-पिरिडिल 'बी' आलं. २-पिरिडिल 'सी'. नायट्रोजन एक घर सरकला आणि संयुग क्लेमच्या बाहेर गेलं.

जबाब मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला. फ्लास्क मागे गेला, तक्ता पुढे आला. अर्जाला १८,७०० शब्दांची मर्यादा असते. वकिलांनी त्यातले किती शब्द तक्ता ३ वर खर्च केले ते पाहून मला धीर आला. मुदत संपायला ६ दिवस असताना अर्ज दाखल झाला.

पुढचे महिने पटकन सांगते, कारण त्यात माझं काम थोडंच होतं. समोरच्या पक्षाला प्राथमिक उत्तराला ३ महिने, मग सुनावणी घ्यायची की नाही हे ठरवायला मंडळाला आणखी ३. तिथे निदान एक तरी क्लेम अवैध असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त दिसावी लागते. दिसली. घड्याळ सुरू झालं, तिथून साधारण वर्षभरात अंतिम निकाल.

माझी उलटतपासणी मात्र विसरणार नाही. नियमाने ती ७ तासांपर्यंत चालू शकते, माझी पावणेसहा तास चालली. समोरचे वकील सभ्य आणि फार तयारीचे होते. त्यांनी अपेक्षेप्रमाणे अॅटलस पावडर काढलं, १९८४ चा स्फोटकांचा निकाल. क्लेममध्ये थोडी न चालणारी मिश्रणं आली म्हणून क्लेम आपोआप पडत नाही, असा त्याचा अर्थ. मग माझ्याकडे वळले.

"२-पिरिडिलचं संयुग तुम्ही ११ दिवसांत बनवलंत?"

"हो."

"नेहमीच्या रसायनाने?"

"हो."

"चाचणी पेटंटमधलीच? काही अडचण आली?"

"नाही."

"म्हणजे कसबी माणसाला कुठलंही संयुग बनवता येतं, तपासता येतं, आणि ते क्लेममध्ये आहे की नाही हे कळतं."

इथे मी थांबले. वकीलबाईंनी बजावलं होतं, घाई करू नका, वाक्य पूर्ण ऐका. 'कुठलंही' हा शब्द त्यांनी अलगद घातला होता. मी म्हटलं, "हे एक मी बनवलं, तपासलं आणि मग कळलं. बनवण्याआधी मला कळलं नव्हतं. तुमच्या पेटंटचं प्रत्येक पान वाचूनही कळलं नव्हतं. पुढच्याही संयुगाच्या वेळी कळणार नाही, त्याच्या पुढच्याही नाही." त्यांनी पुढचा प्रश्न विचारायच्या आधी पाण्याचा घोट घेतला. एवढंच. पण मला स्वतःला त्या उत्तरापर्यंत आपण काय सिद्ध करतोय ते इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं.

प्रत्येक चाचणी सोपी असणं आणि सगळं काम वाजवी असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आमच्या अर्जात यासाठी दोन निकालांचा आधार होता. २०१३ च्या वायथ विरुद्ध अॅबट खटल्यात रॅपामायसिन या औषधाच्या कुळातल्या हजारोंच्या घरातल्या संयुगांचा प्रश्न होता; एकेक तपासणं नेहमीचं काम असलं तरी तेवढी बनवून तपासायला लावणं अवाजवी, असं न्यायालयाने ठरवलं. २०१९ च्या आयडेनिक्स विरुद्ध गिलियड खटल्यात हेपॅटायटिस सीवरच्या उपचारासाठी न्यूक्लिओसाइड नावाच्या संयुगांचं पेटंट होतं. ज्यूरीने २.५४ अब्ज डॉलरची भरपाई दिली होती, ती एनेबलमेंटअभावी क्लेम अवैध ठरल्याने गेली. यातला आयडेनिक्सचा निकाल मी तीन वेळा वाचला, केमिस्टने वाचण्यासारखा आहे.

अंतिम निकाल आला तेव्हा मी कॉलम भरत होते. क्लेम १ ते ९, म्हणजे सूत्रावरचे सगळे रुंद क्लेम, अवैध. १० ते १४ हे नावानिशी दिलेल्या संयुगांचे क्लेम, त्यांना आम्ही हातच लावला नव्हता. संयुग ७ त्यांत होतं, आणि ते त्यांचंच राहिलं. ते त्यांचंच होतं. उदाहरण ७ म्हणजे तेच संयुग, मी माझ्या हाताने तीनदा केलेलं.

संध्याकाळी हातमोजे काढून निकाल पहिल्यापासून वाचला. ज्या फ्लास्कच्या वासाने मी उड्या मारल्या होत्या, तो एका तळटिपेत होता, दोन ओळींत. तक्ता ३ चा उल्लेख मी मोजला, पेन्सिलीने, तसाच. अकरा ठिकाणी.